डाव्या दाराचा रंग

सांगली
रविवार, १९ जानेवारी २०२५

ती. ताई,

वर काय लिहावं ह्यातच दोन कागद गेले. ‘ताई’ म्हटलेलं तुला चालेल का, असं करत करत शेवटी लहानपणापासून लिहीत आले तेच लिहिलं. फोन केला नाही. तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मलाच बोलता आलं नसतं. बारा वर्षांनी काय बोलायचं?

काम आहे म्हणून लिहिते. नाना फियाटला पॉलिश म्हणून नक्की काय लावायचे? हे सांगू शकेल असं आता जगात तुझ्याशिवाय कोणी नाही.

पुष्कर नाताळच्या सुट्टीत पुण्याहून आला होता. तुझा भाचा आता टक्कल पडायला लागलेला गृहस्थ झालाय. त्याने गाडीवरचं कापड काढून चारी बाजूंनी फोटो काढले आणि परत जाऊन, आईला न विचारता, एक फॉर्म भरून टाकला. दोन मार्चला साताऱ्यात जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. त्यात ‘मूळ रंग’ असा एक वर्ग असतो : कंपनीतून आली तेव्हाचाच रंग अंगावर असलेल्या, कधीही पुन्हा न रंगवलेल्या गाड्या. आपली फियाट एक्क्याऐंशीची. चव्वेचाळीस वर्षं तोच आकाशी निळा. आपल्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, रोज नवशिक्यांच्या हातात, तरी नानांनी तिला पेंटरकडे कधी नेलं नाही. सांगलीतले किती डॉक्टर, वकील, व्यापारी ह्याच गाडीवर क्लच सोडायला शिकले! असली गाडी साताऱ्यात दुसरी येणार नाही, हे मी आजच लिहून देते.

गाडी चालू स्थितीत आहे. मिरज रोडवर गुंडा म्हणून डेंटिंग-पेंटिंगवाला आहे, तो महिन्यातून दोनदा येऊन फेरी मारून आणतो. पण रंगावर पांढुरकी भुकटी चढलीय. बोट फिरवलं तर बोटाला निळं पीठ लागतं.

पुष्करने एक खोकं भरून बाटल्या पाठवल्या. शाम्पू, फेस, रंग घासून चकाकवायचं कंपाउंड, पॉलिश, सिरॅमिक की काय ते, डॅशबोर्डला चकाकी आणायचा फवारा, टायर काळे करायचं तेल. एकतीस वर्षं केमिस्ट्री शिकवलेल्या बाईला लेबलं वाचून भागत नाही. मी शाळेतून आणलेले पीएच पेपर कपाटातून काढले. जेवणाच्या टेबलावर नऊ वाट्या मांडल्या आणि प्रत्येकीत थेंब टाकला. एका बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘न्यूट्रल’ लिहिलंय आणि पेपर झाला गडद निळा! दहाच्या वरच म्हण. त्याने कपडे धुवावेत. ती बाटली मी मोरीत ठेवली. खरोखर न्यूट्रल निघाले फक्त दोन शाम्पू. त्यातला एक इतका सुगंधी की गाडी धुतली की लग्नाला निघाली कळेना. दुसरा ठेवला.

पण मेणाचं कोडं सुटत नाही. लाल झाकणाची पत्र्याची डबी होती एवढं आठवतं. आत काय होतं?

डाव्या दारावर एक डाग आहे. त्याचं काय करायचं ते मी बघतेय.

विनू

*

सांगली
गुरुवार, ३० जानेवारी

ती. ताई,

तुझं कार्ड मिळालं. वर माझं नाव नाही, खाली तुझी सही नाही, पण ‘बादल्या’मधला ‘ल्या’ तुझाच. चार ओळी मी पोस्टमनसमोर उभ्यानेच वाचल्या. ‘डबी साध्या मेणाची. कंपाउंड कधीच नाही. धुणे सावलीत, दोन बादल्या. पेडल आणि स्टिअरिंगला काहीही लावायचं नाही, पाय सरकतो.’

दोन बादल्यांचं मी विसरलेच होते. एक साबणाची, एक नुसती कापड खळबळायची. नाहीतर चाकाची वाळू परत दारावर फिरते. शाळेत मी मुलांना बीकर दोनदा धुवायला लावत असे, आणि घरच्या गाडीला एक बादली घेऊन बसले होते.

आता माझी प्रगती ऐक. पहिली लढाई पाण्याशी झाली. आपल्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, आणि पत्र्यावर वाळलं की खडूचे ठिपके उमटतात. म्हणून सकाळी नळाला कृष्णेचं पाणी येतं तेव्हाच भरून ठेवते, आणि एका वेळी एकच भाग धुऊन लगेच टिपते. धुवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी गुंडा आला तो खांद्यावर पॉलिशचं मशीन घेऊनच.

“बाई, दोन तासांत आरसा करून देतो. तोंड बघा त्यात.”

मी म्हटलं, “गुंडा, ह्या रंगावर काचेसारखा थर नाही. नव्या गाड्यांना असतो. हा नुसता रंग आहे, वरपासून पत्र्यापर्यंत. तू जे घासशील ते रंगच असेल.”

“थोडाच जाईल की.”

“चव्वेचाळीस वर्षांत थोडा थोडाच गेलाय. आता तुझ्या थोड्याला जागा नाही.”

त्याला पटेना. मग मी डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्रयोग करून दाखवला. चिकटपट्टीने तीन चौकोन आखले. एकात त्याचं कंपाउंड, एकात पुष्करचं महागडं पॉलिश, एकात तुझं साधं मेण. कंपाउंडच्या फडक्यावर एवढा निळा उतरला की गुंडा फडकं हातात धरून बघतच राहिला. महागड्या पॉलिशने चौकोन चकाकला खरा, पण निळा कोरडा आणि परका दिसायला लागला. आणि मेणाचा चौकोन! ताई, तहानलेल्या माणसाने पाणी प्यावं तसा तो रंग मेण पीत होता. दुसऱ्या दिवशी परत लावलं, परत प्यायला. तिसऱ्या दिवशी त्यातून तो जुना, खोल, पावसानंतरच्या आभाळाचा निळा वर आला.

गुंडाने तिन्ही चौकोनांवरून बोट फिरवून बघितलं. मग म्हणाला, “बाई, तुमी आमच्या लायनीत यायला पायजे हुतं.” मी त्याला ‘चल, काहीतरीच’ म्हटलं, पण दिवसभर ते वाक्य मनात घोळवत होते. खोटं का बोलू?

सिरॅमिक परत पाठवलं. ते खाली जे असेल ते तसंच कायमचं बंद करून टाकतं. आधी खालचं साफ असावं लागतं.

बंपरचा गंज मी पोळ्या गुंडाळायच्या चांदीच्या कागदाने काढला. नुसता पाण्यात बुडवून घासायचा. क्रोम कडक, कागद मऊ, म्हणून ओरखडा येत नाही. आता बंपरमध्ये समोरच्यांची जास्वंद दिसते.

गुंडाची बायको रंगुबाई गाडी बघायला आली होती. ती शाळेची व्हॅन चालवते. ती तुझी विद्यार्थिनी. डाव्या दारापाशी थांबून तिने काहीतरी विचारलं. मी चहाचं बघायला आत गेले.

विनू

*

सांगली
रविवार, ९ फेब्रुवारी

ताई,

ह्या वेळी तुझं कार्ड आलं नाही. तरी लिहिते, कारण आता लिहिलं नाही तर राहून जाईल.

रंगुबाईने काय विचारलं ते मी तुला मागच्या पत्रात सांगितलं नाही. ती दारावर बोट ठेवून म्हणाली, “बाई, हितं आमच्या बाईंचं नाव हुतं की. लाल अक्षरात.” मी म्हटलं, “पुसलं गेलं असेल, जुनं झालं होतं.” तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “वरचं शाळंचं नाव हाय तसं हाय. मग खालचंच कसं पुसलं?”

मी चहा टाकायला गेले ते ह्यासाठी.

डाव्या दारावर काय लिहिलेलं होतं ते तुला सांगायला नको, पण मला लिहायला हवं. वर ‘चिंतामण मोटार ड्रायव्हिंग स्कूल, सांगली’. त्याखाली, त्र्याऐंशी साली नानांनी बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरला घरी बोलावून, त्याला खुर्ची देऊन काढून घेतलेली ओळ : ‘महिलांसाठी शिक्षिका : कु. अबोली’. तू सत्तावीसची होतीस. शेजारचे लोक नानांना म्हणायचे, मुलीचं नाव गाडीवर काय लिहिता, तिचं लग्न व्हायचंय. नाना म्हणायचे, “नाव वाचून जो घाबरेल तो नकोच आहे आपल्याला.” तुझं लग्न झालं, तू वाईला गेलीस, तरी त्यांनी ‘कु.’सुद्धा बदलू दिला नाही.

ती ओळ मी झाकली. मी स्वतः. नाना गेले त्यानंतरच्या महिन्यात हार्डवेअरच्या दुकानातून निळ्या रंगाचा स्प्रेचा डबा आणला आणि अंगणात उभं राहून फवारला. निळा जुळलासुद्धा नाही. दारावर बारा वर्षं तो चुकीचा निळा चौकोन आहे. मागच्या वर्षीपर्यंत मी स्वतः गाडीवरचं कापड काढायचं टाळायचे, ते धुळीच्या भीतीने नव्हे.

पुष्करने फॉर्म भरला तेव्हा ‘कधीही पुन्हा न रंगवलेली’ ह्या ओळीपुढे त्याने खूण केली. त्याला माहीत नव्हतं, दारावर नुसता डाग पडलाय असं वाटलं. मला होतं. मी गप्प बसले.

काल गुंडाने दार पहिल्यांदाच वाकून नीट बघितलं. “हितं कुनीतरी डबा मारलाय. समदं दार घासून नवं मारू, रंग मी बरोबर मिळवतो, कुनाच्या बापाला कळनार न्हाई.” आणि खरोखर कळणार नाही, त्याचा हात तेवढा चांगला आहे. दार घासलं की डाग जाईल. आणि खाली जे असेल तेही जाईल.

रंगुबाई तिथेच होती. ती नवऱ्यावर जवळजवळ ओरडली. “हात लावशील तर बघ! आमच्या आन्नांनी हळद न्यायचा टेम्पो घेतला तवा घरात पोरगा न्हवता. अठरा पुरी झाली न्हाई झाली तोवर मला बाईंकडं धाडली. समदं गाव हसत हुतं. बाई म्हनल्या, रंगू, लोकांकडं न्हवं, आरशात बघ. ते नाव वाचून मी ह्या गाडीत बसले हुते. बाईचं नाव गाडीवर बघितलं आन् वाटलं, मग मलाबी जमंल.”

मग ती माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, “तुमीच केलं न्हवं ह्ये?”

मी हो म्हटलं. बारा वर्षांत पहिल्यांदा कोणाजवळ तरी हो म्हटलं.

हे वाचून तू पत्र फाडलंस तर मला समजेल. पण ते नाव खाली अजून आहे का, हे मला बघायचंय. त्यासाठी वरचा रंग उतरेल आणि खालचा हलणार नाही असं काहीतरी शोधायला हवं. तेवढं मला येतं. तेवढंच मला येतं म्हण.

विनू

*

सांगली
बुधवार, १९ फेब्रुवारी

ताई,

आहे. नाव आहे!

आधी ते सांगते, मग बाकीचं.

थिनर पहिल्यांदाच बाद केला. तो दोन्ही रंग सारखेच खातो. पेट्रोल नको, रॉकेल नको. माझा हिशेब असा होता की स्प्रेच्या डब्यातला रंग नुसता वाळतो, आणि वाळलेला पुन्हा विरघळवता येतो. पेंटरने ब्रशने काढलेला जुना ऑइलपेंट मात्र वर्षानुवर्षं हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, तो परत पातळ होत नाही. म्हणजे दोघांच्या मधलं, सौम्य काहीतरी हवं. मी औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल आणलं. तेच ते, कोरोनात हाताला चोळायचो ते. दाराच्या आतल्या कडेला स्प्रेचा उडालेला एक शिंतोडा होता, त्यावर करून बघितलं. कापूस ओला करून ठेवायचा, दहापर्यंत मोजायचं, उचलायचा. घासायचं नाही. पाचव्या वेळी कापसाला निळा लागला आणि खालचा मूळ निळा जागचा हलला नाही.

मग दारावर गेले. पाच दिवस रोज सकाळी एक ते दीड तास. गुंडा पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी त्याने मला बसायला पाट आणून दिला, आणि तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या गिऱ्हाइकांना थांबायला सांगितलं. शेवटाकडून सुरुवात केली होती. आधी ‘ली’ आला, त्याची वेलांटी लाल, जराशी तपकिरी पडलेली, पण पेंटरने शेवटी ब्रश उचलताना जी निमुळती शेपूट काढली होती ती जशीच्या तशी. मग ‘बो’. मग ‘अ’. मी पाटावर बसून मोठ्याने वाचलं. गुंडा म्हणाला, “बाई, रडू नका, पानी पडंल त्याच्यावर.”

एक गोष्ट बिघडली. पाचव्या दिवशी नाव आलं तसा माझा धीर सुटला आणि मी ‘शिक्षिका’वर घाई केली. घासलं. पहिला ‘शि’ गेला. आता तिथे ‘महिलांसाठी क्षिका : कु. अबोली’ आहे. गुंडा म्हणाला, लाल रंग लावून ‘शि’ काढून देतो. मी नको म्हटलं. जे मी घालवलं ते मी घालवलं.

आता बाकीचं.

मी तो रंग का फवारला ते तुला वाटतं तसं नाही. तुला वाटत असेल, विनूला खरंच वाटत होतं की ताईने नानांना मारलं. साताऱ्याच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी सगळ्यांच्या देखत तुला तेच म्हटलं होतं. “अॅम्ब्युलन्स बोलवायची सोडून तुला गाडी चालवून दाखवायची होती.” हे माझं वाक्य मला शब्दन् शब्द पाठ आहे. नाना फियाट घेऊन तुझ्याकडे वाईला पंधरा दिवस राहायला आले होते, सकाळी सहाला त्यांच्या छातीत दुखायला लागलं, तू त्यांना गाडीत घातलंस आणि निघालीस, आणि साताऱ्याच्या अलीकडे ते गेले. मी सांगलीहून पोहोचले तेव्हा सगळं झालेलं होतं. एवढंच तुला माहीत आहे.

तुला माहीत नाही ते हे. तू कागदावर सह्या करायला आत गेली होतीस तेव्हा डॉक्टर बाहेर माझ्याशी बोलले. तुला म्हणून शोधत होते, पण मी समोर होते. ते म्हणाले, “झटका एवढा मोठा होता की आमच्या दारात आला असता तरी आम्हाला काही करता आलं नसतं. त्या बाईंनी एक मिनिटसुद्धा वाया घालवलेलं नाही. त्यांना सांगा, त्यांच्या मनाला लागून राहू नये म्हणून.”

त्यांना सांगा. मी बाहेर पायऱ्यांवर आले आणि ते वाक्य तुला म्हटलं. डॉक्टरांचं नव्हे, माझं.

का? मी खूप वेळा विचार केलाय. नाना शेवटच्या दिवसांत माझ्याकडे नव्हते, तुझ्याकडे होते. आयुष्यभर ते तुझ्याकडेच होते. मी बी.एस्सी.ला पहिली आले तेव्हा त्यांनी पेढे वाटले, पण तू गाडी उलटी घेऊन गल्लीतून न थांबता बाहेर काढलीस तेव्हा ते ओट्यावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला मत्सर वाटत होता, ताई. सहासष्टाव्या वर्षी लिहायला हा शब्द फार लहान आहे, पण दुसरा नाही. आणि मग एकदा बोलून गेल्यावर, ते खरं असल्यासारखं मला वागत राहावं लागलं. गाडी ओढून आणली, माझ्या नावावर केली, तुझं नाव झाकलं.

डॉक्टरांचा निरोप मी बारा वर्षं उशिरा देतेय. तू एक मिनिटसुद्धा वाया घालवलं नव्हतंस.

क्षमा मागणार नाही. ती मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

दोन तारखेला गाडी साताऱ्याला जाईल. शाळेचं मोठं मैदान आहे, पत्ता मागे लिहिलाय. रंगुबाई चालवणार आहे. “बाईंच्या गाडीला दुसरं कुनी हात लावायचा न्हाई,” असं तिने नवऱ्याला बजावलंय. आम्ही नऊपासून तिथे असू.

विनू

*

सांगली
गुरुवार, ६ मार्च

ताई,

गाडीच्या सामानाचं पार्सल मिळालं का ते कळव. वाईला जाणाऱ्या रंगुबाईच्या मेव्हण्याच्या हाती दिलंय. शाम्पू एकच आहे तो खरा न्यूट्रल, बादलीत दोन झाकणं पुरतात. मेणाच्या तीन डब्या. मऊ फडकी आठ : पांढरी रंगाला, पिवळी काचेला, निळी चाकांना. ती कधीही एकत्र धुऊ नकोस आणि सोड्यात तर नाहीच. वाईचं पाणी मी तपासलेलं नाही. पीएच पेपरही ठेवलेत, तू हसशील हे माहीत असून. रेक्झिनच्या सीटला ओलं फडकं पुरतं. नावाच्या ओळीवर मेण बोटाने, दाब न देता. गुंडाने मुद्दाम निरोप दिलाय, “बाईंना सांगा, उनात उबी करू नका.” तो आता गिऱ्हाइकांना मशीन मारायच्या आधी डिकीच्या आत चौकोन आखून दाखवतो.

रविवारचा दिवस मी पुन्हा पुन्हा आठवतेय. तू अकराच्या सुमाराला आलीस असं रंगुबाई म्हणते, पण मला तू तेव्हा दिसली नाहीस. परीक्षक माझ्यासमोर उभे होते. त्यांनी बोनेटवर हात फिरवला, हाताकडे बघितलं, स्वच्छ होता. मला विचारलं, “मॅडम, हा रंग जिवंत कसा ठेवलात?” मी त्यांना दोन बादल्यांपासून सगळं सांगितलं. आजूबाजूच्या गाड्यांचे मालक येऊन उभे राहिले. एकाने वही काढली! एकतीस वर्षांत माझ्या तासाला एवढं लक्ष देऊन कोणी बसलं नव्हतं.

मग ते डाव्या दारापाशी आले. वाकून बघितलं. “हे इथे काहीतरी झालंय. चौकोनाची कड दिसते.”

पुष्कर बोलायला लागला होता. मी त्याला थांबवलं. म्हटलं, “ते मी केलंय. अबोली माझी बहीण. नानांनी तिचं नाव इथे लिहून घेतलं होतं. बारा वर्षांपूर्वी तिचा काही दोष नसताना मी त्यावर रंग मारला. गेल्या महिन्यात काढला. एक अक्षर माझ्या हातून गेलं.”

ते जरा अवघडले. म्हणाले, “मग ‘मूळ रंग’ वर्गात धरता येणार नाही.”

“नका धरू,” मी म्हटलं. ताई, तेवढ्या अभिमानाने मी आयुष्यात काही बोलले नसेन.

आणि मागून रंगुबाईचा आवाज. “आवं, बाई आल्या! बाई आल्या!” ती एवढी मोठी, पन्नाशी उलटलेली बाई धावत जाऊन तुझ्या पाया पडली. तू तिला उठवलंस आणि माझ्याकडे आलीस. मी हात जोडणार होते. तू हात जोडू दिले नाहीस. गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारलीस, चारी टायर बघितलेस, काचेतून पेडल बघितले, आणि म्हणालीस, “धुतलीस चांगली.” मग दारापाशी थांबून वाचलंस. बोट लावलं नाहीस, हवेतच फिरवलंस, एकेका अक्षरावरून. “‘क्षिका’ काही वाईट नाही,” म्हणालीस. मी हसले की रडले ते पुष्करला विचार.

बक्षीस एका जीपला मिळालं. जीप खरंच चांगली होती.

आता ह्या पत्राचं खरं काम. संध्याकाळी गाडी कायमची तुझ्याकडे वाईला नेताना तू मला जे सांगितलंस ते मी लिहून ठेवतेय. हे फक्त तुझ्याजवळ होतं. बारा वर्षं तुला कोणी विचारलंच नाही, आणि विचारायला हवं होतं ती मी पायऱ्यांवर ओरडत होते. चुकलं तर दुरुस्त कर आणि परत पाठव. पुष्करकडे एक प्रत राहील.

तू म्हणालीस : त्या सकाळी पाचवडपर्यंत नाना काही बोलले नाहीत. मागच्या सीटवर आडवे होते, डोकं उजव्या दाराला. तू आरशात रस्ता बघायचीस आणि मधूनच त्यांना. आणेवाडीच्या टोलनाक्यावर गाडी थांबली. आतल्या माणसाने मागे बघितलं आणि तो घाबरला, “काका, काय झालं? गाडी बाजूला घ्या, कोणीतरी बोलावतो,” म्हणाला. नाना कोपरावर उठले. त्यांना धाप लागली होती. पण उठले, काचेशी आले आणि त्याला म्हणाले, “घाबरू नका. गाडी माझी मुलगी चालवतेय.”

त्याने दांडी वर केली.

पुढे लिंबच्या अलीकडे तू वेग वाढवलास. मग मागून आवाज आला, हळू, पण रोज सकाळी शिकवताना असायचा तोच.

“अबोली, उजवीकडून ट्रक येतोय. आरसा बघ.”

“बघितलाय, नाना.”

“मग झालं.”

विनू